फिलाडेल्फियाचा हातमाग, परळचे रुग्णालय : एका विद्येचा प्रवास

धागा थोडा लांब आहे. सुरुवात घरातून करतो, कारण या विषयाकडे मी ग्रंथालयातून नव्हे, घरातूनच वळलो.

गेल्या वर्षी आजीला अर्धांगाचा झटका आला. आमचे गाव इंदापूर तालुक्यातले, त्यामुळे उपचार बारामतीत झाले. जीव वाचला, वाचा राहिली, पण उजवा हात मांडीवर पडून राहू लागला. तिसऱ्या आठवड्यात एक तरुण उपचारतज्ज्ञ आल्या. त्यांनी हात तपासण्याआधी एक प्रश्न विचारला, "आजी, या हातानं तुम्ही काय काय करत होतात?" आजीने भाकरी, खुरपणी, दळण-कांडण अशी यादी सांगितली आणि शेवटी म्हणाली, "वाकळ शिवायचे." दुसऱ्या दिवशी आम्हाला जुनी लुगडी आणि दाभण घेऊन यायला सांगण्यात आले. आधी दाभण, काही दिवसांनी जाड सुई, मग नेहमीची सुई.

भेटायला आलेल्या नातलगांना हे मुळीच रुचले नाही. आजारी माणसाला कोणी कामाला लावते का, असा त्यांचा सूर होता. आजारी हाताला मुद्दाम काम देणे हा उपचार कसा असू शकतो, हा प्रश्न मलाही पडला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा प्रश्न पडला की तो 'हे कधीपासून?' असे विचारतो. या शोधात मी न्यू यॉर्क राज्यातल्या एका खेड्यापर्यंत गेलो आणि परत आलो तो थेट फलटणला. फलटण म्हणजे बारामतीहून नीरा ओलांडली की तीसेक किलोमीटरवर.

या विद्येला मराठीत 'व्यवसायोपचार' म्हणतात. नाव जरा फसवे आहे. व्यवसाय म्हटले की आपल्याला दुकान, धंदा, नोकरी आठवते, आणि हे खाते रुग्णाला रोजगार मिळवून देत असावे असे वाटते. इथे व्यवसाय म्हणजे माणूस ज्यात हात आणि मन गुंतवतो ती कोणतीही कृती, मग ते स्वयंपाक असो, विणकाम असो, लेखन असो वा खेळ. या उपचाराची एक सख्खी बहीणही आहे. चित्र, नृत्य, संगीत, नाट्य यांच्या आधारे मनावर उपचार करणारे कलोपचार. आज दोघींची घरे वेगळी आहेत, पण शंभर वर्षांपूर्वी त्या एकाच ओसरीवर खेळत होत्या. ही कथा त्या ओसरीची आहे.

मार्च १९१७. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरायला महिनाभरही उरलेला नव्हता. न्यू यॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी जॉर्ज एडवर्ड बार्टन यांच्या घरी मोजकी माणसे जमली. बार्टन वास्तुविशारद होते. क्षयाने त्यांना पोखरले होते आणि पुढे डावे अंग लुळे पडले होते. बागकाम आणि सुतारकाम करत त्यांनी स्वतःला पुन्हा उभे केले होते, आणि त्याच घराला 'सांत्वनगृह' अशा अर्थाचे नाव दिले होते. जमलेल्यांत विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ होते, समाजकार्यातून आलेल्या एलिनॉर क्लार्क स्लेगल होत्या आणि सुझन कॉक्स जॉन्सन या हस्तकलेच्या शिक्षिका होत्या. त्या बैठकीत या विद्येची पहिली राष्ट्रीय संस्था जन्मली.

या यादीत डॉक्टर अल्पसंख्य आहेत, हे ध्यानात घ्यावे. व्यवसायोपचाराचे मूळ शल्यक्रियागृहात नाही. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रयुगाविरुद्ध हस्तकलेची जी चळवळ उभारली, तिचे वारे बार्टन यांच्या अंगावरून गेले होते. हाताने वस्तू घडवताना माणूस स्वतःही घडतो, हा त्या चळवळीचा विश्वास. बार्टन प्रभृतींनी तो रुग्णशय्येपाशी आणला.

दुसरे मूळ त्याहून जुने आहे. क्वेकर हा ख्रिस्ती पंथ शांततावादी म्हणून आपल्याला ठाऊक असतो. मनोरुग्णांना साखळदंडांतून सोडवून त्यांना काम, शिस्त आणि सन्मान देणाऱ्या आरंभीच्या संस्थांत क्वेकरांच्या संस्था होत्या. इंग्लंडमध्ये यॉर्क येथील आश्रयगृह १७९६ चे, आणि फिलाडेल्फियाजवळचे १८१७ चे. फिलाडेल्फिया हे नाव लक्षात ठेवा. या धाग्यात ते इतक्या वेळा येईल की योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांसाठी प्रशिक्षित माणसे हवी होती. १९१८ मध्ये फिलाडेल्फियात व्यवसायोपचाराची शाळा निघाली. शरीररचना आणि मानसशास्त्र एका बाजूला, विणकाम, सुतारकाम, मातीकाम, पुस्तकबांधणी दुसऱ्या बाजूला, आणि रुग्णालयातले प्रत्यक्ष काम तिसऱ्या बाजूला, असा शिक्षणाचा सांगाडा त्या काळात घडत गेला. विद्यार्थ्याने कला शिकायची ती कलाकार होण्यासाठी नव्हे. प्रत्येक कृतीचे पृथक्करण त्याला यावे लागे. हातमागाचा धोटा फेकताना खांदा किती उघडतो, कोपर कुठवर जाते, पायटा दाबताना घोट्यावर किती भार येतो, नक्षी मोजताना लक्ष किती वेळ टिकावे लागते, हे सारे. वैद्य जसा औषधाची मात्रा ठरवतो, तसा हा उपचारक कामाची मात्रा ठरवतो. दाभणाकडून सुईकडे जाणे ही आजीची मात्रा होती.

त्या शाळेत १९२० च्या दशकाच्या आरंभी मार्गारेट फुल्टन नावाची एक तरुणी शिकली. ती १९२५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या मनोरुग्णालयात रुजू झाली. ब्रिटनमधील पहिली प्रशिक्षित व्यवसायोपचारक म्हणून तिचे नाव घेतले जाते. ती या कथेत पुन्हा येणार आहे.

आता आपल्याकडे वळू. न्यू जर्सीत १९०० साली एका क्वेकर घराण्यात एलिझाबेथ लंडी यांचा जन्म झाला. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३० च्या सुमारास भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. पुढे त्या फिलाडेल्फियाच्या त्याच शाळेत विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. तेव्हा त्या चाळिशीत होत्या. माझ्या वर्गातल्या पंचविशीतल्या मुलांना आता दुसरी पदवी घ्यायला उशीर झाला असे वाटते, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

त्या काळी शाळेची धुरा हेलन विलार्ड आणि क्लेअर स्पॅकमन या दोघींकडे होती. १९४७ मध्ये त्यांनी संपादित केलेला पाठ्यग्रंथ आजही, नव्या संपादकांच्या हातून पण याच दोघींच्या नावाने, जगभर वापरला जातो. म्हणजे कमलाबाई शिकल्या त्या काळात ही विद्या पाठ्यपुस्तकात बांधली जात होती. ती पुस्तकात बसते न बसते तोच त्या ती घेऊन मुंबईला आल्या.

१९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झाले. भारतातले पहिले, आणि आशियातलेही पहिले म्हणून ते ओळखले जाते. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी या विद्येच्या जागतिक महासंघाची पायाभरणी झाली. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, डेन्मार्क, ब्रिटन, इस्रायल, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, स्वीडन आणि अमेरिका यांच्या पंक्तीला संस्थापक सदस्य म्हणून भारत बसला. महासंघाच्या पहिल्या अध्यक्षा मार्गारेट फुल्टन, फिलाडेल्फियाच्या माजी विद्यार्थिनी. पुढे अध्यक्षपद भूषवणाऱ्यांत क्लेअर स्पॅकमन, फिलाडेल्फियाच्या शिक्षिका. आणि भारतात या विद्येचा पाया घालणाऱ्या कमला निंबकर, त्याही फिलाडेल्फियाच्या.

इथे थोडे थांबून विचार करू या. आज दोन विद्यापीठांचे सहकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सामंजस्य करार, कुलगुरूंचे हस्तांदोलन आणि मागे लावलेला फलक येतो. १९५० च्या या घटनेत मला असा करार दिसत नाही. दिसते ती एक गुरुपरंपरा. एका शाळेतून निघालेल्या बायका तीन खंडांत पांगल्या, प्रत्येकीने आपापल्या गावी विद्या रुजवली आणि मग एकत्र येऊन त्यांनी तिचे नियम लिहिले. आधी माणसे, मग संस्था, आणि करार सर्वांत शेवटी. घराण्यांच्या संगीताचा इतिहास वाचणाऱ्याला हा क्रम ओळखीचा वाटेल.

नियमांचे महत्त्व मात्र कमी लेखू नये. १९५८ मध्ये महासंघाने शिक्षणाचे किमान निकष ठरवले. पुढे प्रत्यक्ष रुग्णसेवेतील किमान एक हजार तासांचे प्रशिक्षण हा त्यांतला सर्वपरिचित दंडक झाला. परळला शिकलेला विद्यार्थी आणि एडिनबर्गला शिकलेला विद्यार्थी यांच्या पदव्यांची तुलना आता करता येऊ लागली. त्याच १९५८ साली नागपूरला दुसरे विद्यालय निघाले, तेही कमलाबाईंच्याच पुढाकाराने. वसाहतीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशांना पुष्कळदा दुसऱ्यांनी लिहिलेले निकष मुकाट्याने पाळावे लागले. इथे निकष लिहिले जात असताना आपण सदस्य होतो. ही साधी बाब नव्हे, आणि आपल्या शालेय पुस्तकांत तिला एक ओळही मिळालेली नाही.

परंतु निकषांनी न सुटणारा एक प्रश्न होता, आणि तो मला या साऱ्या कथेचा गाभा वाटतो.

फिलाडेल्फियातील रुग्णाच्या हाती वेत देऊन टोपली विणायला सांगितले तर ती त्याच्यासाठी केवळ टोपली असते. चामड्याचे पाकीट शिवायला दिले तर तो एक छंद असतो. इंदापूर-बारामतीकडच्या कोणत्याही गावात टोपली म्हणजे बुरूड, चामडे म्हणजे चांभार, घोंगडी म्हणजे सणगर, आणि गाडगे म्हणजे कुंभार. आपल्याकडे हस्तकलेला जात चिकटलेली आहे. ज्या विद्येचा सगळा डोलारा 'हाताने काम करणे माणसाला उंचावते' या विश्वासावर उभा, ती विद्या हाताने काम करणाऱ्यांना पिढ्यान्पिढ्या खालच्या पायरीवर बसवलेल्या समाजात आली. उपचारकाने चामड्याचे काम पुढे केल्यावर एखाद्या कुटुंबाने कपाळाला आठ्या घातल्या, तर त्या आठ्यांवर विलार्ड-स्पॅकमनच्या ग्रंथात कोणता उतारा सापडणार?

आपल्याकडे या प्रश्नाला भिडण्याचा एक प्रयत्न त्याआधी झाला होता. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी 'नयी तालीम'ची मांडणी केली. सूतकताई आणि हस्तोद्योग यांच्या माध्यमातून सर्व जातींच्या मुलांनी शिकावे, असे ते शिक्षण. वरवर पाहता वर्धा आणि फिलाडेल्फिया एकच गोष्ट सांगतात. पण नीट पाहिले तर फरक आहे. वर्ध्यात कातलेल्या सुताला मोल होते, शाळेचा खर्च त्यातून निघावा अशी अपेक्षा होती. उपचारगृहात विणलेल्या कापडाची किंमत शून्य असली तरी चालते, खांदा किती मोकळा झाला एवढेच मोजायचे असते. आजीचे पहिले टाके इतके वेडेवाकडे होते की तिने स्वतःच ते उसवायला सांगितले. उपचारतज्ज्ञांनी उसवू दिले नाहीत. त्यांना टाके नको होते, पकड हवी होती. आजीला मात्र टाकेच हवे होते. हा वाद दोन दिवस चालला, आणि अखेर आजीचे म्हणणे टिकले. पुन्हा शिवतानाही पकड तयार होतेच की.

पुढची कथा भरभर सांगतो. १९५० मध्येच फिलाडेल्फियाची शाळा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी जोडली गेली. विद्यापीठात आल्यावर विद्येचा पोशाख बदलतो. दुसऱ्या महायुद्धानंतर व्यवसायोपचार अधिकाधिक वैद्यकाकडे झुकला. सांधे, स्नायू, मोजमापे, कृत्रिम अवयव यांना प्रतिष्ठा आली आणि हातमाग कोपऱ्यात गेला. कलेवर भर देणाऱ्यांना तिथे गुदमरल्यासारखे वाटू लागले असले तर नवल नाही. १९८१ मध्ये विद्यापीठाने तो विभागच बंद केला. फिलाडेल्फियाची आई-शाळा राहिली नाही, परळची लेक मात्र आजही नांदते आहे.

दरम्यान कलोपचारांनी स्वतंत्र चूल मांडली होती. एड्रियन हिल हे ब्रिटिश चित्रकार १९३८ मध्ये क्षयाने आजारी होऊन आरोग्यधामात पडले होते. तिथे त्यांनी स्वतःसाठी आणि मग इतर रुग्णांसाठी चित्रकला हाती घेतली, आणि १९४२ मध्ये तिला 'कलोपचार' या अर्थाचे नाव दिले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात नर्तकी मेरियन चेस मनोरुग्णांसोबत काम करू लागल्या. इथे मोजमाप स्नायूंचे नव्हते. रुग्ण काय रेखाटतो, कोणता रंग टाळतो, इतरांच्या जवळ जाताना त्याचे शरीर कसे आक्रसते, यांतून त्याच्याशी नाते जोडायचे होते. मग याचे शिक्षण कोणी द्यायचे? चित्रशाळेने की वैद्यकशाळेने? अमेरिकेत पदव्युत्तर पातळीवरचा आरंभीचा अभ्यासक्रम १९६७ मध्ये हानेमान वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. हे महाविद्यालय कोणत्या शहरात, हे आता सांगायला हवे का?

युरोपात देशागणिक भाषा वेगळी, पदवी वेगळी, कायदा वेगळा. १९९१ मध्ये हर्टफर्डशर, म्युन्स्टर, नाइमेखेन आणि पॅरिस येथील चार विद्यापीठांनी कलोपचार-शिक्षणासाठी एक संघ स्थापन केला. त्यांनी अभ्यासक्रमांची पातळी जुळवणे, पदव्यांना परस्पर मान्यता मिळावी म्हणून खटपट करणे आणि परिषदा भरवणे ही कामे हाती घेतली. व्यवसायोपचारकांनी १९५८ मध्ये जे केले, ते कलोपचारकांना तीन दशकांनंतर करावे लागले. पण इथे क्रम उलटा होता. आधी विद्यापीठांचा संघ, आणि त्याच्या सावलीत व्यवसायाची ओळख. १९९१ च्या त्या टेबलाशी भारत नव्हता. नसणारच, तो युरोपचा संघ होता. तरीही १९५२ ची पंगत आठवली की मन थोडे खट्टू होते.

आपल्याकडे कलोपचारांची वाट पुन्हा मुंबईतूनच गेली. कोलकात्याची 'संवेद' ही संस्था हिंसेतून वाचलेल्या स्त्रिया आणि मुलांसोबत नृत्याच्या आधारे काम करते. तिच्या सहकार्याने टाटा समाजविज्ञान संस्थेने नृत्य-हालचाल उपचाराची पदविका सुरू केली. ज्ञान असलेली संस्था आणि पदवी देऊ शकणारे विद्यापीठ यांची ही गाठ मला १९५० च्या परळची आठवण करून देते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांची जी अनुसूची केली, तीत व्यवसायोपचारक तर आहेतच, पण कला, नृत्य आणि हालचाल यांच्या आधारे उपचार करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. ओसरीवरच्या दोन बहिणी शंभरेक वर्षांनी एका सरकारी कागदावर पुन्हा भेटल्या, जरी वेगवेगळ्या रकान्यांत.

हे मी माझ्या मामेबहिणीला सांगितले, कारण मूळ चौकशी तिची होती. ती उत्तम चित्रे काढते, बारावीला आहे, आणि आजीच्या खोलीत बसून तिने हा सगळा उपचार पाहिला आहे. तिचा प्रश्न इतिहासाचा नव्हता. "मग शिकायचं कुठं?" एवढाच होता. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठीच गोष्ट. पण सरकारी वा महापालिकेच्या संस्थांत व्यवसायोपचार शिकायचा तर वाट अजूनही मुख्यतः मुंबई आणि नागपूरकडेच जाते. म्हणजे १९५८ चा नकाशा फारसा बदललेला नाही. कलोपचारांसाठी मुंबई, बंगळूर किंवा परदेश. घरी मामा म्हणाला, "चित्रं काढायला एवढा खर्च?" टोपलीला चिकटलेली जात आणि चित्राला चिकटलेला 'रिकामा उद्योग' हा शिक्का यांत मला एक चुलत नाते दिसते. दोन्हींत हाताच्या कामाला ज्ञान म्हणायची आपली तयारी नसते.

राहता राहिले फलटण. कमलाबाईंचे पुत्र बनबिहारी निंबकर फलटणला शेतीत रमले. १९६८ मध्ये त्यांनी स्थापन केलेली कृषिसंशोधन संस्था आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी जाई निंबकर लेखिका, इरावती कर्वे यांच्या कन्या. जाईंनी मॅक्सीन बर्नसन यांच्यासह परभाषकांसाठी मराठीचे संदर्भ-व्याकरण लिहिले. ते १९७५ मध्ये प्रसिद्ध केले पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने, फिलाडेल्फियाहून. बर्नसन स्वतः त्याच विद्यापीठाच्या संशोधक. फलटणच्या बोलीचा भाषाशास्त्रीय अभ्यास करून त्यांनी पदवी मिळवली आणि फलटणच्याच होऊन राहिल्या. त्यांनी तिथे जी मराठी शाळा उभारली, तिचे नाव 'कमला निंबकर बालभवन'. कमलाबाई १९७९ मध्ये गेल्या. भारतातील पुनर्वसन आणि व्यवसायोपचार यांचा त्यांनी लिहिलेला इतिहास १९८० मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

त्या बालभवनाच्या रस्त्यावरून मी किती तरी वेळा गेलो आहे. पाटीवरचे नाव वाचले होते. ते कोणाचे, हे विचारण्याची बुद्धी मात्र आजीच्या आजारपणापर्यंत झाली नाही.

वाचकांपैकी कोणाच्या घरात परळ किंवा नागपूरच्या पहिल्या दशकातील तुकड्यांत शिकलेले कोणी असेल, त्या काळच्या वह्या, कलाकामाचे नमुने, छायाचित्रे असतील, तर कृपया खाली लिहावे. विशेषतः एक जाणून घ्यायचे आहे. त्या वर्गांत कोणकोणत्या हस्तकला शिकवल्या जात, आणि शिकवायला कोण येत असे? हातमागावर धोटा कसा फेकायचा हे दाखवणारा कोणी साळी किंवा कोष्टी तिथे होता का?

आजीची वाकळ अर्धी झाली आहे. मधले वेडेवाकडे टाके तिने शेवटी उसवलेच.